नवा नोड टाकला की जुनंच काहीतरी मोडतं: एसक्यूएल इंजिनातल्या सिंटॅक्स ट्रीची दुरुस्ती

तक्रार दर वेळी वेगळी दिसते. ग्रामरमध्ये, म्हणजे भाषेच्या वाक्यरचनेच्या नियमांत, एक नवं वाक्यरूप घातलं, त्या नियमांनी वाक्य वाचणाऱ्या पार्सरच्या टेस्ट हिरव्या झाल्या, काम मर्ज झालं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की त्या वाक्यरूपाच्या पोटात सबक्वेरी (क्वेरीच्या आतली क्वेरी) लिहिली तर तिच्यातल्या टेबलाची परवानगी तपासलीच जात नाही. ते बुजवलं की पुढच्या रिलीजमध्ये क्वेरीचा मजकूर परत छापताना एक कंस गळतो आणि एका फांदीचं लिमिट सगळ्या युनियनला लागतं. तेही बुजवलं की प्रिपेअर्ड स्टेटमेंटमधले पॅरामीटर मोजताना पॅरामीटरची जागा दाखवणारं एक प्रश्नचिन्ह हरवतं. प्रत्येक दुरुस्ती दोन-चार ओळींची असते, रिव्ह्यूही पटकन उरकतो. म्हणूनच रोग ओळखू येत नाही. फायली वेगळ्या, दुरुस्त करणारी माणसं वेगळी, पण कारण एकच असतं: सिंटॅक्स ट्रीच्या, म्हणजे पार्सर वाक्याच्या तुकड्यांचे नोड जोडून जे झाड उभारतो त्याच्या, क्लासची उतरंड.

पुढचं सगळं जावात लिहिलेल्या, अँटलर या पार्सर तयार करणाऱ्या साधनाचं ग्रामर वापरणाऱ्या इंजिनाला धरून आहे. उदाहरणाला मुख्यतः ट्रिनो हे एसक्यूएल इंजिन घेतो. त्याचा सोर्स कुणालाही उघडून पाहता येतो, आणि ट्रिनो ज्यातून फुटून निघालं त्या प्रेस्टोच्या वळणाने लिहिलेल्या इंजिनांत हीच रचना थोड्याफार फरकाने भेटते. पोस्टग्रेस आणि क्लिकहाउस या डेटाबेसकडेही मधूनमधून बघू, कारण हेच दुखणं त्यांनी वेगळ्या औषधांनी हाताळलं आहे.

रोग हाच आहे का, ते आधी पाहा

एक सोपी चाचणी आहे. ग्रामरमध्ये जिथे जिथे एक्स्प्रेशन चालतं, तिथे तिथे एक सबक्वेरी ठेवा, आणि प्रत्येक सबक्वेरीत वेगळ्या नावाचं टेबल ठेवा: खूण_१, खूण_२ असं. सिलेक्टची यादी, व्हेअर, हॅविंग, जॉइनची ऑन अट, केसची प्रत्येक फांदी या जागा सगळ्यांना आठवतात. विसरल्या जातात त्या अशा: अ‍ॅग्रिगेटच्या आतला ऑर्डर बाय, अ‍ॅग्रिगेटला लावलेला फिल्टर, विंडोचं पार्टिशन बाय आणि फ्रेमची हद्द, ग्रुपिंग सेट्स, व्हॅल्यूजच्या ओळी, अननेस्टचे आर्ग्युमेंट, विथमधल्या क्वेरीच्या आतली विथ. प्रत्यक्ष चालवताना यातली काही वाक्यं चुकीची ठरतील, पण त्याची पर्वा नको. आपल्याला ती चालवायची नाहीत, फक्त पार्स करून टेबलांची नावं गोळा करणाऱ्या व्हिजिटरकडे (ट्रीच्या नोडांवरून फिरून एक ठरावीक काम करणाऱ्या कोडकडे) द्यायची आहेत. यादीत जी खूण येत नाही, त्या जागेचा नोड कुणीतरी न उतरताच ओलांडला आहे.

हीच वाक्यं मग बाकीच्या व्हिजिटरांकडेही द्या: पॅरामीटर मोजणारा, छापणारा, नावं बदलणारा. प्रत्येकाकडून वेगवेगळ्या खुणा गळत असतील तर उतरंड आणि व्हिजिटर यांच्यातला करारच ढिला आहे, असं खुशाल समजा. सगळीकडून एकच खूण गळत असेल तर दोष बहुधा त्या एकाच नोडमध्ये आहे. तो दुरुस्त करा आणि पुढचं वाचायच्या भानगडीत पडू नका.

गप्प बसणारी डीफॉल्ट मेथड

ट्रिनोच्या एएसटी-व्हिजिटरमध्ये (एएसटी म्हणजे हाच सिंटॅक्स ट्री) प्रत्येक नोडसाठी एक मेथड आहे. ती तुम्ही ओव्हरराइड केली नाही तर ती पॅरेंटची मेथड बोलावते. युनियनची मेथड सेट-ऑपरेशनकडे जाते, तिथून क्वेरी-बॉडीकडे, मग रिलेशनकडे, आणि शेवटी नोडच्या मेथडकडे. ही शेवटची मेथड नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत देते. ना एक्सेप्शन, ना लॉगमध्ये ओळ.

यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत. पहिली, उतरंड इथे नुसती टाइपची नाही. कोणत्या नोडसाठी कोणता कोड चालेल हेही तीच ठरवते. दुसरी, ती दोनदा लिहिलेली आहे: एकदा क्लासच्या व्याख्येत आणि एकदा व्हिजिटरमधल्या साखळीत, आणि दोन्ही हातानेच. एखादा नोड एका घराण्यातून काढून दुसऱ्यात नेला तर कंपायलर निदान ओरडतो, कारण जुन्या पॅरेंटची मेथड तो नोड घेत नाही. पण मध्ये एक नवा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट क्लास घातला आणि व्हिजिटरमधली साखळी त्याच्यातून वळवायची राहिली, तर सगळं बिनबोभाट कंपाइल होतं. नव्या मधल्या क्लासची मेथड ओव्हरराइड करणाऱ्याला वाटतं की आपण त्याखालचे सगळे नोड पकडले. प्रत्यक्षात त्याची मेथड कुणी बोलावतच नाही.

नल देणारं डीफॉल्ट कुणाच्या सोयीचं आहे, हा प्रश्न विचारून पाहा. ट्रीवर काम करणारे व्हिजिटर ढोबळमानाने तीन जातींचे असतात. काही गोळा करतात: टेबलं, पॅरामीटर, फंक्शनची नावं. त्यांना अनोळखी नोड भेटला तर त्यांनी मुलांमध्ये उतरलं पाहिजे. काही भाषांतर करतात: ट्रीचा मजकूर, ट्रीचा प्लॅन, एक्स्प्रेशनचा टाइप. त्यांना अनोळखी नोड भेटला तर त्यांनी तिथेच थांबून एक्सेप्शन टाकलं पाहिजे. काही बदल करतात, आणि अनोळखी नोडची मुलं बदलून तो नोड पुन्हा उभारणं हे त्यांचं काम. तिघांपैकी नल कुणालाच नको आहे. म्हणून एका पायाभूत व्हिजिटरऐवजी तीन ठेवा, आणि नल देणारा कुणाला थेट वारसा घेता येणार नाही असा बंद करा. सगळ्या दुरुस्तीत एवढंच करायला वेळ मिळाला तरी निम्मे बग कळप करून बाहेर येतील. ते नवे नसतात, आतापर्यंत दबून होते इतकंच.

पोस्टग्रेसवर काम केलेल्यांना ‘अनरेकग्नाइज्ड नोड टाइप’ आणि पुढे एक आकडा, हा संदेश चांगलाच पाठ असतो. सी भाषेत क्लास नाहीत. तिथे प्रत्येक स्ट्रक्टच्या सुरुवातीला नोडचा टॅग असतो आणि ट्री चालणारी फंक्शनं त्यावर स्विच करतात. ओळखीचा टॅग नसला की एरर. लोक या संदेशाला वैतागतात, पण मला तो ट्रिनोच्या नलपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो. निदान कुठे पाहायचं ते तरी कळतं.

जावा १७ पासून सील्ड क्लास, म्हणजे ज्यांचे वारस आधीच ठरवून दिलेले असतात असे क्लास, आहेत आणि जावा २१ पासून स्विचमध्ये टाइपवर पॅटर्न लावता येतात. भाषांतर करणाऱ्या व्हिजिटरांसाठी हे उत्तम साधन आहे: नवा नोड आला की अपुरा स्विच कंपाइलच होत नाही. अट एवढीच की त्या स्विचमध्ये डीफॉल्टची फांदी लिहायची नाही, आणि ‘बाकी कोणतंही एक्स्प्रेशन’ पकडणारी फांदीही नाही. दुसरी फांदी दिसायला निरुपद्रवी असते, पण जुनं नलच वेगळ्या दाराने आत आणते. रस्टमधल्या मॅचचीही हीच गत: अंडरस्कोरची फांदी घातली की कंपायलरची मदत संपली. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ असं नाव दिलेली ओढाताण ती हीच. नवा नोड घालणं सोपं करा किंवा नवं ऑपरेशन घालणं सोपं करा, दोन्ही एकदम फुकट मिळत नाहीत. एसक्यूएल इंजिनात नोडही वाढतात आणि ऑपरेशनंही, त्यामुळे निदान चूक झाली की आवाज व्हावा एवढी तजवीज हवीच.

मुलांची यादी एकाच जागी

‘या नोडची मुलं कोण?’ या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये किती ठिकाणी लिहिलं आहे ते मोजा. ट्रिनोच्या रचनेत नोडची स्वतःची मुलं देणारी मेथड आहे, आणि त्याशिवाय सगळीकडे उतरणारा एक डीफॉल्ट ट्रॅव्हर्सल व्हिजिटर आहे. त्यात प्रत्येक नोडसाठी मुलं पुन्हा हाताने गणलेली असतात. एका यादीत फ्रेमची हद्द आहे, दुसरीत नाही, असं व्हायला फक्त एक विसराळू शुक्रवार पुरतो.

क्लिकहाउसमध्ये हेच दुखणं वेगळ्या रूपात होतं. तिथल्या एएसटी नोडकडे मुलांची एक सामाईक यादी असते, आणि शिवाय ठरावीक मुलांकडे बोट दाखवणारे स्वतंत्र पॉइंटर असतात. एखाद्या पासने (ट्रीवरून फिरून काम करणाऱ्या टप्प्याने) पॉइंटर बदलला आणि यादी तशीच राहिली, की ट्री दोन तोंडांनी बोलू लागतो. सिलेक्ट क्वेरीच्या नोडपुरता त्यांनी तोडगा काढला: मुलं फक्त यादीत, आणि ‘व्हेअर यादीत कितव्या जागी आहे’ एवढंच सांगणारा एक नकाशा. पोस्टग्रेसमध्ये नोडची प्रत काढणं, तुलना करणं, लिहिणं आणि वाचणं अशा चार कामांच्या चार फायली वर्षानुवर्षं हाताने सांभाळल्या गेल्या. आवृत्ती १६ पासून तो कोड हेडर फायली वाचणारी एक पर्ल स्क्रिप्ट तयार करते. ट्री चालणारी फंक्शनं मात्र अजूनही हातानेच लिहिलेली आहेत. रस्टच्या एसक्यूएलपार्सर क्रेटमध्ये (लायब्ररीत) मुलांमध्ये उतरण्याचा कोड डेराइव्ह मॅक्रोने, म्हणजे कंपाइल होताना कोड लिहून देणाऱ्या सोयीने, तयार होतो.

जावात मॅक्रो नाहीत, पण रिफ्लेक्शन (चालता कोड क्लासची फील्ड वाचू शकतो ती सोय) आहे, आणि टेस्टमध्ये ते वापरायला काहीच हरकत नाही. एक टेस्ट लिहा: नोडचे सगळे क्लास शोधा, प्रत्येकाची फील्ड बघा, आणि ज्या फील्डचा टाइप नोड आहे, नोडचा ऑप्शनल आहे किंवा नोडची यादी आहे, त्यातली वस्तू मुलं देणाऱ्या मेथडच्या उत्तरात येतेच, हे तपासा. यादीतली यादी विसरू नका. ग्रुपिंग सेट्समध्ये नेमकी तीच असते. टेस्ट उभी राहिली की ट्रॅव्हर्सल व्हिजिटरमधल्या हाताने लिहिलेल्या मेथड एकेक करून काढून टाका, आणि त्याला मुलं देणाऱ्या मेथडवरच चालू द्या.

क्वेरी नेमकी कुणाच्या घरची?

आता उतरंडीकडे. एसक्यूएलच्या ग्रामरमध्ये ‘क्वेरी’ एकच वस्तू नाही. बाहेरच्या कवचात विथ, शरीर, ऑर्डर बाय आणि फेच (लिमिटचंच दुसरं रूप) असतात. शरीरात साधी सिलेक्ट, युनियनसारखी जोडणी, व्हॅल्यूज, नुसतं ‘टेबल ग्राहक’ असं वाक्य, किंवा कंसातली दुसरी क्वेरी येऊ शकते. ट्रिनोत कवच म्हणजे क्वेरी हा क्लास, आणि तो स्टेटमेंटच्या घरातला. शरीर म्हणजे क्वेरी-बॉडी, आणि ते रिलेशनच्या घरातलं. फ्रॉममध्ये येणारं साधं टेबलही क्वेरी-बॉडीच्या खाली बसतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण ‘टेबल ग्राहक’ हे स्वतःच एक पूर्ण शरीर आहे, म्हणून ते तिथे आहे. क्वेरी जेव्हा फ्रॉममध्ये येते तेव्हा तिला टेबल-सबक्वेरीचं वेष्टण मिळतं, आणि एक्स्प्रेशनच्या जागी आली तर सबक्वेरी-एक्स्प्रेशनचं.

रिफॅक्टरिंगला बसलेला माणूस सगळ्यात आधी या वेष्टणांवर उठतो. आत एकच फील्ड, मग क्लास कशाला? पण वेष्टणं काढू नका. नोड कोणत्या जागी उभा आहे, हे तीच सांगतात. युनियनच्या फांदीला कंस होता की नाही, हेही टेबल-सबक्वेरीमुळेच कळतं. ‘कंसात सिलेक्ट आणि लिमिट ५, युनियन ऑल, दुसरी सिलेक्ट’ यातला कंस गेला तर आधी ग्रामरच चिडेल. पण शेवटच्या फांदीचा कंस गेला तर ग्रामर खुशाल स्वीकारेल, आणि लिमिट सगळ्या युनियनला लागेल. इंटरसेक्ट युनियनपेक्षा घट्ट बांधतो, आणि एक्सेप्ट डावीकडून जुळतो. त्यामुळे छापणाऱ्याला उजव्या फांदीतल्या एक्सेप्टचा कंस राखावाच लागतो.

याच उतरंडीतली खरी गाठ आहे ऑर्डर बाय. ट्रिनोत तो दोन जागी असू शकतो: बाहेरच्या क्वेरीत आणि आतल्या क्वेरी-स्पेसिफिकेशनमध्ये. साधी सिलेक्ट असेल तर पार्सरचा ट्री उभारणारा भाग ऑर्डर बाय, ऑफसेट आणि लिमिट आत ढकलतो. युनियन असेल तर ते बाहेरच राहतात. यामागे कारण आहे. साध्या सिलेक्टमध्ये ऑर्डर बायला यादीत नसलेला, पण फ्रॉममध्ये असलेला कॉलम चालतो. युनियनच्या निकालावर तसा मूळ कॉलम शिल्लकच नसतो. नावं शोधण्याची व्याप्ती नावांचा आणि टाइपचा अर्थ लावणाऱ्या अ‍ॅनलायझरला सोयीची पडावी म्हणून ग्रामरची घडी पार्सरमध्येच मोडली आहे. परिणाम असा की लिमिटबद्दल काहीही करणाऱ्या प्रत्येक पासला दोन जागा बघाव्या लागतात, आणि निम्मे पास एकच बघतात. ‘युनियन असली की हिंट लागू होत नाही’ किंवा ‘साध्या क्वेरीचं लिमिट मोजलं जात नाही’ अशा जातीच्या तक्रारी आल्या तर इथेच शोधा.

पोस्टग्रेसने उलटी वाट धरली. तिथे कच्च्या ट्रीमध्ये साधी सिलेक्ट आणि युनियनचा मधला नोड यांना एकच स्ट्रक्ट आहे. ऑर्डर बाय कुठे चिकटवायचा याची चिंता ग्रामरला करावी लागू नये, हा त्यामागचा हेतू सोर्समधल्या टिपणीतच लिहिला आहे. किंमत म्हणजे निम्मी फील्ड एका वेळी निरर्थक असतात. रस्टच्या एसक्यूएलपार्सरने ग्रामरशी इमान राखलं: कवच वेगळं, शरीर वेगळं, ऑर्डर बाय फक्त कवचात. नव्याने लिहायचं असेल तर मी डोळे मिटून तिसरी वाट घेईन आणि नावांच्या व्याप्तीचा प्रश्न अ‍ॅनलायझरवर सोडीन. चालत्या इंजिनात मात्र सुरुवात इथून करू नये. आधी ‘या क्वेरीचा लागू ऑर्डर बाय कोणता?’ याचं उत्तर देणारी एक मेथड लिहा, सगळे वापरणारे तिच्याकडे वळवा, आणि फील्ड हलवा ते सगळ्यांत शेवटी.

सारखे दिसणारे दोन नोड

क्लास हलवताना बरेच जण ते रेकॉर्डमध्ये बदलतात. तुलना आणि हॅश आपोआप मिळतात म्हणून खूशही होतात. इथे जरा थांबा. बाहेरच्या क्वेरीत ‘किंमत’ आणि सबक्वेरीतही ‘किंमत’ लिहिलं, तर दोन्ही नोड रचनेने समान आहेत, पण एक अपूर्णांक असेल आणि दुसरा मजकूर. अ‍ॅनलायझरने टाइपचा नकाशा नोडच्या तुलनेवर बांधला असेल तर एकाचा टाइप दुसऱ्याला चिकटतो. ट्रिनोत यासाठी नोड-रेफ नावाचं छोटं वेष्टण आहे. ते रचना बघत नाही, तीच वस्तू आहे का एवढंच बघतं. दुसरीकडे, ग्रुप बायमधलं एक्स्प्रेशन आणि सिलेक्टमधलं एक्स्प्रेशन एकच आहे का, हे ठरवताना रचनेचीच तुलना हवी असते.

आणखी एक खाच: रेकॉर्डची आपोआप मिळणारी तुलना सगळी फील्ड धरते, म्हणजे ओळ आणि कॉलम सांगणारं स्थानही. ते धरलं की ग्रुप बायची तुलना कधीच जमत नाही आणि ‘कॉलम ग्रुप बायमध्ये नाही’ अशी खोटी एरर येते. पोस्टग्रेसचं तुलना करणारं फंक्शनही स्थानाचं फील्ड मुद्दाम वगळतं.

कोणत्या क्रमाने हात घालावा

आधी फेरीची टेस्ट: पार्स करा, छापा, पुन्हा पार्स करा, दोन्ही ट्री समान हवेत. ती वर सांगितलेल्या खुणेच्या वाक्यांवर आणि हाती असलेल्या सगळ्या जुन्या टेस्ट क्वेरींवर चालवा. मग नल देणारं डीफॉल्ट बंद. मग मुलांची एकच यादी. उतरंड हलवायची ती यानंतर, आणि एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच क्लास, वागणुकीत कसलाही बदल न करता. हलवाहलव आणि बगची दुरुस्ती एकत्र आली की रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्हींपैकी काहीच नीट दिसत नाही.

अँड-ऑरच्या लांब साखळ्या अजूनही दोन-दोन फांद्यांच्या नोडमध्ये असतील तर याच वेळी त्या एका नोडखाली सपाट करा. एखादं रिपोर्टिंग टूल हजारो अटी ऑरने जोडून पाठवतं आणि रिकर्शनचा स्टॅक फुटतो. एसक्यूएलाइटने तर एक्स्प्रेशनच्या खोलीवर मुळातच १००० ची मर्यादा घातली आहे.

मोठा प्रश्न उरतो प्लॅनरचा, म्हणजे क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाचा. प्लॅनरही एएसटीचेच एक्स्प्रेशन क्लास वापरत असेल, तर उतरंडीत असे नोड घुसलेले सापडतील जे कुणी कधी एसक्यूएलमध्ये लिहूच शकत नाही. ट्रिनोत प्लॅनमधल्या सिम्बॉलकडे बोट दाखवणारा नोड बराच काळ पार्सरच्या पॅकेजमध्ये राहत होता. २०२४ मध्ये त्यांनी प्लॅनरसाठी वेगळी, लहान आणि टाइप ठरलेली आयआर (इंजिनाच्या आतल्या वापराची मधली रचना) काढली. क्लिकहाउसनेही नव्या अ‍ॅनलायझरसाठी एएसटीपासून वेगळा क्वेरी-ट्री आणला, आणि २४.३ या आवृत्तीपासून तो डीफॉल्ट आहे. पोस्टग्रेसमध्ये कच्चा ट्री आणि विश्लेषण झालेली क्वेरी पूर्वीपासूनच वेगळी. तुमच्याकडे हे विभाजन झालेलं नसेल तर उतरंडीची साफसफाई एका हद्दीपलीकडे जाणारच नाही, कारण प्रत्येक क्लासला दोन धनी असतील. पण तो वेगळा आणि लांबचा प्रकल्प आहे. तो या कामात मिसळू नका.

मर्ज करण्याआधी शेवटची चौकशी: ट्री कुठे लिहून ठेवला जातो का? ट्रिनो व्ह्यू एसक्यूएल मजकुराच्या रूपात साठवतं, त्यामुळे क्लास बदलले तरी साठवलेल्या व्ह्यूला धक्का लागत नाही. पोस्टग्रेस व्ह्यू साठवतं ते विश्लेषण झालेल्या ट्रीच्या रूपात, म्हणून अशा नोडचं फील्ड बदललं की कॅटलॉगची आवृत्ती वाढवावी लागते आणि जुनी डेटा डिरेक्टरी नव्या सर्व्हरवर थेट उघडत नाही. तुमच्या इंजिनात प्लॅनचा कॅशे, कोऑर्डिनेटरकडून वर्करकडे जाणारा जेसन आणि ऑडिटचा लॉग या तीन जागा तपासा. जिथे ट्री लिहिला जातो तिथे त्यासोबत आवृत्तीचा आकडा लिहा, आणि वाचताना आकडा जुळला नाही तर कॅशेतली नोंद फेकून देऊन मूळ मजकुरापासून पुन्हा पार्स करा.